रोड बाईकला टॅनवॉल टायर घेताय? आधी हे बघा

जुन्या स्टीलच्या फ्रेमवर तपकिरी कडेचे टायर काय देखणे दिसतात, पण नुसता रंग बघून ऑर्डर टाकू नका. आधी सध्याच्या टायरच्या कडेवरचा आकडा वाचा, ७००सी (आजचं नेहमीचं रोड बाईकचं माप) असेल तर शेवटी ६२२ असतं आणि जुन्या २७ इंचीला ६३०, हे दोन्ही एकमेकांच्या रिमवर बसत नाहीत, दुकानदार काहीही म्हणो.

रुंदी २८ मिमी घ्या, फ्रेम आणि ब्रेकमध्ये जागा असेल तर ३२ सुद्धा, खडबडीत रस्त्यावर हवा थोडी कमी ठेवता येते आणि हाताला खूप आराम मिळतो.

आता टिकाऊपणा. कॉटन केसिंगचे (केसिंग म्हणजे टायरच्या आतलं धाग्यांचं कापड) रेसिंग टायर मस्त पळतात पण काचेने लवकर कापले जातात, ओल्याची पण काळजी घ्यावी लागते. रोजच्या वापराला साधारण ६० टीपीआयचं (म्हणजे इंचाला ६० धागे) नायलॉन केसिंग आणि ट्रेडखाली, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या रबराखाली, पंक्चर रोखणारा पट्टा असलेला टायर बघा. पॅनारेसरचा पासेला हा माझा आवडता, लूक एकदम जुना आणि पट्टा असलेलं मॉडेलही मिळतं, फक्त त्याची कड पातळ असते त्यामुळे धारदार खडीवरून जपून. मागचा टायर आधी झिजतो, म्हणून जोडीच घेऊन ठेवा, नंतर तोच शेड मिळेलच असं नाही.