पहिला संगणक स्वतः जोडताना सुटे भाग कसे निवडावेत

संगणकाचे सुटे भाग निवडण्याविषयी जे काही लिहिलेले सापडते, त्यात सुरुवात बहुधा प्रोसेसरपासून होते आणि विजेचा विषय शेवटच्या दोन ओळींत उरकला जातो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत राहणाऱ्यांनी हा क्रम उलटा करावा, असे माझे अनुभवाने बनलेले मत आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, स्लॅबच्या घरात रात्रीही भिंती गरम असतात, आणि मळ्यातील किंवा गावाच्या टोकाच्या घरात पंप सुरू झाले की व्होल्टेज खाली येते. अशा ठिकाणी संगणक किती वेगवान आहे हा प्रश्न नंतरचा. तो उन्हाळा काढतो की नाही, हा आधीचा.

माझा पहिला संगणक जोडताना मी प्रोसेसर ऐपतीपेक्षा थोडा वरचाच घेतला आणि कॅबिनेटसोबत 'फुकट' आलेला एसएमपीएस (भिंतीतील वीज संगणकाच्या भागांना लागेल तशी करून देणारा डबा) तसाच वापरला. त्यावर ४५० वॅट असे ठळक छापलेले होते. दुसऱ्या उन्हाळ्यात एका दुपारी वीज जाऊन परत आली, तेव्हा तो एसएमपीएस गेला आणि जाताना मदरबोर्डलाही, म्हणजे सगळे भाग जिच्यावर जोडले जातात त्या मुख्य पाटीलाही, सोबत घेऊन गेला. पुढे त्याचे लेबल नीट वाचले, तर १२ व्होल्टच्या रकान्यात फक्त १८ ॲम्पिअर लिहिलेले दिसले. आजच्या संगणकातील प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचे चित्र तयार करणारा भाग) आपली जवळजवळ सगळी वीज या १२ व्होल्टच्या वाटेनेच घेतात, आणि १२ गुणिले १८ म्हणजे होतात २१६ वॅट. बाकीचे वॅट केवळ छापील होते.

म्हणून एसएमपीएस घेताना खोक्यावरचा मोठा आकडा बाजूला ठेवून त्याच्या अंगावरचे लेबल वाचावे. ५५० वॅटच्या चांगल्या एसएमपीएसवर १२ व्होल्टसमोर ४५ ॲम्पिअरच्या आसपास आकडा असतो, म्हणजे जवळजवळ सगळी क्षमता तिथे खरोखर उपलब्ध असते. त्याच लेबलावर इनपुट व्होल्टेज दिलेले असते. काही स्वस्त एसएमपीएस २०० ते २४० व्होल्ट एवढीच कक्षा सांभाळतात, तर चांगले १०० ते २४० व्होल्टवर चालतात. ज्यांच्या घरी संध्याकाळी दिवे पिवळे पडतात, त्यांनी दुसऱ्या प्रकाराखेरीज काही घेऊच नये. तिसरी गोष्ट कंपनीच्या माहितीपत्रकात पाहावी लागते, ती म्हणजे ही क्षमता किती तापमानाला सांगितली आहे. काही कंपन्या ४० अंशांची हमी देतात, काही ५० अंशांची, आणि काही याविषयी मौनच बाळगतात. '८० प्लस' या शिक्क्याचा अर्थही समजून घ्यायला हवा: तो वीज किती कमी वाया जाते एवढेच सांगतो, आणि ती चाचणी साधारण २३ अंशांच्या खोलीत होते. आपल्याकडे २३ अंश डिसेंबरातल्या दुपारीही रोज मिळतील असे नाही.

किती वॅटचा घ्यावा, याचा हिशेब कठीण नाही. एएम४ सॉकेटचा (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरील प्रोसेसर बसवण्याची जागा) ६५ वॅट वर्गातला, एएमडी कंपनीचा रायझन प्रोसेसर पूर्ण भाराखाली सुमारे ८८ वॅट घेतो, आरटीएक्स ४०६० सारखे ग्राफिक्स कार्ड ११५ वॅट घेते, आणि मदरबोर्ड, पंखे, रॅम (कामापुरती मेमरी) व एसएसडी (फायली साठवणारा भाग) मिळून ५० धरले तरी बेरीज २५० च्या घरात जाते. मग ५५० वॅट कशासाठी, असा प्रश्न दुकानातही विचारला जातो. एक तर ग्राफिक्स कार्ड क्षणभरासाठी आपल्या नेमून दिलेल्या आकड्याच्या बरेच वर उसळी घेते. शिवाय एसएमपीएस साधारण निम्म्या भारावर सर्वांत कार्यक्षम असतो आणि पूर्ण भारापेक्षा कमी तापतो, आणि त्यातील कपॅसिटरचे (वीज क्षणभर साठवणाऱ्या छोट्या डब्यांचे) आयुष्य उष्णतेवरच ठरते: ढोबळ नियम असा, की दर १० अंशांच्या वाढीमागे ते निम्मे होते. याच कारणाने १०५ अंशांचे कपॅसिटर वापरले आहेत का, हे विचारून घ्यावे. ८५ अंशांचे असतील तर तो एसएमपीएस खानदेशाच्या कामाचा नाही.

एसएमपीएसच्या पाठोपाठ यूपीएसचा (वीज गेल्यावर संगणक काही वेळ बॅटरीवर चालू ठेवणाऱ्या पेटीचा) विचार याच बजेटात करावा, 'नंतर पाहू' म्हणून सोडू नये. ६०० व्हीए असे लिहिलेला यूपीएस प्रत्यक्षात बहुधा ३६० वॅट देतो, त्यामुळे वरच्या उदाहरणातील संगणक आणि मॉनिटर मिळून तो जवळजवळ काठापर्यंत भरतो. ग्राफिक्स कार्ड असेल तर १००० व्हीएच्या आसपासचा घेणे शहाणपणाचे. ॲक्टिव्ह पीएफसी (वीज पुरवठ्याच्या लहरीला जुळवून ओढण्याची सोय) असलेला एसएमपीएस काही साध्या, चौकोनी लहरीच्या यूपीएसवर किंवा जुन्या इन्व्हर्टरवर कुरकुरतो, कधी बंदही पडतो. तिथे साइन वेव्ह, म्हणजे घरच्या विजेसारखी गोलसर लहर देणारा, यूपीएस लागतो. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून यूपीएस नको, असे अनेक जण म्हणतात. त्यांनी इन्व्हर्टरवर 'यूपीएस मोड' आहे का ते पाहावे. वीज गेल्यावर एसएमपीएस आपल्या साठ्यावर साधारण १६-१७ मिलिसेकंदच तग धरतो, आणि साध्या मोडमधील इन्व्हर्टर बॅटरीवर जायला त्याहून जास्त वेळ घेतो.

अर्थिंगचा उल्लेख सुट्या भागांच्या यादीत सहसा नसतो, पण ते नसेल तर बाकीच्या यादीला अर्थ नाही. चालू कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागताच झिणझिण्या येत असतील, तर दोष संगणकात नसून भिंतीतील सॉकेटमध्ये असतो: एसएमपीएसमधील फिल्टरचे कपॅसिटर अर्थिंगच्या तारेला जोडलेले असतात, आणि ती तार जमिनीपर्यंत पोहोचतच नसेल तर पुरवठ्याच्या जवळपास निम्मे व्होल्टेज पत्र्यावर येऊन बसते. वायरमनला बोलावून मीटरने न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातील व्होल्टेज मोजून घ्यावे; ते दोन-तीन व्होल्टच्या आत असावे. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, तेव्हा त्यात अधूनमधून पाणी सोडण्याची जुनी पद्धत संगणकवाल्यांनीही पाळावी.

आता हवा. प्रोसेसरवर बसणारा कोणताही कूलर, मग तो पंख्याचा असो की पाण्याचा, प्रोसेसरला खोलीच्या तापमानापेक्षा थंड करू शकत नाही; तो फक्त दोघांतील अंतर कमी करतो. पुण्यात २५ अंशांच्या खोलीत ७० अंशांवर चालणारा प्रोसेसर आपल्याकडे ४० अंशांच्या खोलीत ८५ च्या आसपास जाईल, ही साधी बेरीज आहे. आजचे प्रोसेसर साधारण ९० ते १०० अंशांच्या दरम्यान, आपापल्या मर्यादेला पोहोचले, की स्वतःचा वेग कमी करून जीव वाचवतात, म्हणजे पैसे वरच्या प्रोसेसरचे मोजून एप्रिल ते जून त्याच्याकडून काम खालच्याचे करून घ्यायचे, असा व्यवहार होतो. यावर उपाय दोन. प्रोसेसर ६५ वॅट वर्गातलाच निवडावा, आणि खोक्यात आलेल्या छोट्या कूलरऐवजी १२० मिलिमीटर पंख्याचा उभा टॉवर कूलर घ्यावा. त्याची उंची बहुधा १५० ते १६० मिलिमीटर असते, म्हणून कॅबिनेट किती उंचीचा कूलर सामावून घेते, आणि ग्राफिक्स कार्डासाठी किती लांबी देते, हे दोन आकडे आधी जुळवून पाहावेत. पाण्याच्या कूलरच्या मोहात पहिल्या संगणकात पडू नये. त्यात बिघडण्याजोग्या गोष्टी जास्त, आणि बिघडला तर बदलून येईपर्यंत संगणक बंद.

कॅबिनेट निवडताना काचेकडे आणि रंगीत दिव्यांकडे कमी, समोरच्या जाळीकडे अधिक लक्ष द्यावे. समोरून बंद काच असलेल्या कॅबिनेटला हवा घेण्यासाठी बाजूच्या फटीच उरतात. समोर दोन पंखे हवा आत घेणारे आणि मागे एक बाहेर टाकणारा, अशी मांडणी पुरेशी असते; आत येणारी हवा जास्त राहिली की फटींमधून धूळ ओढली जात नाही. समोरची, खालची आणि वरची धुळीची जाळी हाताने काढून धुता येणारी असावी, कारण आपल्याकडे धुळीबरोबर कापसाचे तंतूही असतात. जिनिंगच्या हंगामात कापूस-पट्ट्यातील गावांत एका आठवड्यात जाळीवर पातळ गादी जमते. आणखी एक सूचना डेझर्ट कूलरविषयी. त्याचा झोत थेट कॅबिनेटवर येईल अशी जागा निवडू नये. बोअरच्या जड पाण्याने कूलरच्या पत्र्यावर पांढरे क्षार चढतात हे प्रत्येकाने पाहिलेले आहे, आणि झोताबरोबर उडणारे तुषार मदरबोर्डवर सुकले तर तेच तिथेही घडते.

वीज आणि हवा यांची सोय लागली, की प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम या त्रिकुटाकडे वळावे. हे तिन्ही भाग एकमेकांना बांधलेले असतात, एक बदलला की दुसरा बदलावा लागतो. एएम४ सॉकेटच्या मदरबोर्डवर डीडीआर४ रॅम चालते, २०२२ मध्ये आलेल्या एएम५ वर फक्त डीडीआर५, आणि इंटेलच्या एलजीए १७०० वर मदरबोर्ड ज्या प्रकारचा घेतला असेल ती. दोन्ही रॅमची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे चुकीची रॅम बसतच नाही. मात्र दुकानातून घरी आल्यावर हे कळण्यात शोभा नाही. पुढे प्रोसेसर बदलायची इच्छा असेल तर एएम५ चांगला; पाच-सहा वर्षे काही बदलायचे नाही असे ठरलेले असेल तर एएम४ मध्ये पैसे वाचतात. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव झपाट्याने वाढल्यामुळे, त्रिकूट ठरवण्याआधी त्या दिवशीचा रॅमचा भाव विचारणे, जळगावात सोन्याचा विचारतात तसे, गरजेचे झाले आहे.

नावातील शेवटच्या अक्षराकडे लक्ष असू द्यावे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या शेवटी 'एफ' असते, त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते. रायझन ५ ५६०० मध्येही ते नाही, मात्र ५६००जी मध्ये आहे. टॅली, अभ्यास, प्रोग्रॅमिंग आणि साधे फोटोचे काम एवढेच करायचे असेल तर अंगभूत ग्राफिक्स पुरते, वेगळे कार्ड घेऊ नये, आणि वाचलेले पैसे यूपीएसमध्ये घालावेत. अशा वेळी १६ जीबीची एकच पट्टी घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन घ्याव्यात, कारण अंगभूत ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमच वापरते, आणि दोन पट्ट्यांनी रॅमची वाट दुप्पट रुंद होते. फरक डोळ्यांना दिसण्याइतका असतो.

मदरबोर्डमध्ये प्रोसेसरभोवतीच्या वीज नियंत्रण भागावर ॲल्युमिनियमचे हीट सिंक (उष्णता ओढून हवेत सोडणारे ठोकळे) असावेत, हा आपल्या हवामानाचा आग्रह. त्याखेरीज महागड्या बोर्डावर खर्च करण्याचे पहिल्या वेळी कारण नाही.

साठवणुकीबाबत फार विचार नको. ऑपरेटिंग सिस्टिमसाठी एनव्हीएमई प्रकारची एम.२ (थेट मदरबोर्डवर बसणारी पट्टी) एसएसडी घ्यावी, २२८० मापाची, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब. दिसायला तशीच पण साटा प्रकारची एम.२ सुद्धा मिळते, तिचा वेग सेकंदाला ५५० एमबीपाशीच थांबतो. लग्नाचे व्हिडिओ आणि जुने फोटो ठेवायला हार्ड डिस्क अजूनही स्वस्त पडते.

जुने भाग घेऊन पैसे वाचवण्याचा विचार करणाऱ्यांनी एक तारीख लक्षात ठेवावी. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (संगणकातील सुरक्षेची चिप) लागते, शिवाय मोजके अपवाद सोडले तर इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे प्रोसेसर त्याच्या अधिकृत यादीत नाहीत. लिनक्सवर काम करणाऱ्यांना ही अडचण नाही. जुना मॉनिटर, कॅबिनेट किंवा हार्ड डिस्क एक वेळ चालेल. जुना एसएमपीएस मात्र कोणी भेट दिला तरी घेऊ नये.

खरेदी कुठे करावी, यावर दोन मते आहेत. रात्रीच्या गाडीने मुंबईला जाऊन ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवरून सगळे एकदम आणण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे, आणि निवड तिथे अर्थातच मोठी मिळते. मी मात्र आता एसएमपीएस, मदरबोर्ड आणि यूपीएस गावाजवळच्या दुकानातून घेतो, भाव चारशे-पाचशेने जास्त असला तरी, कारण बिघडण्याची शक्यता याच तिघांची अधिक असते आणि वॉरंटीसाठी कुरियरच्या फेऱ्या आपल्याला माराव्या लागत नाहीत. ऑनलाइन मागवलेले खोके उघडताना सलग व्हिडिओ काढावा. बिल जीएसटीचे, पक्के घ्यावे आणि त्यावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहवून घ्यावा. सुटे भाग आणि मजुरी यांचे एकत्र एका ओळीतले बिल वॉरंटीच्या वेळी कामाला येत नाही.

सगळे भाग आल्यावर ते लगेच कॅबिनेटमध्ये कसू नयेत. मदरबोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून प्रोसेसर, कूलर, एक रॅम आणि एसएमपीएस एवढेच जोडावे, आणि पडद्यावर बायोस (मदरबोर्डचा स्वतःचा सुरुवातीचा पडदा) दिसते का ते पाहावे. प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नसेल तर याच वेळी कार्डही लावावे लागेल. मग दुसरी रॅम, मग एसएसडी. हे काम दुकानाची बदलून देण्याची मुदत संपण्याच्या आत, आणि शक्यतो सकाळी, खोली तापण्यापूर्वी करावे.