ठाण्याच्या तलावांचे जिओटॅग केलेले फोटो नकाशावर कसे पाहावेत

मासुंदा, कचराळी, उपवन, मखमली, सिद्धेश्वर, रायलादेवी या तलावांच्या काठांचे फोटो ठाण्यातील अनेक जण आस्थेने काढून ठेवतात. कुठे भराव पडला, कोणत्या नाल्याचे पाणी तलावात येऊ लागले, काठावरचे कोणते जुने झाड गेले, हे त्या फोटोंवरून दाखवता येते. मात्र असे शेकडो फोटो नुसते तारखेच्या क्रमाने फोल्डरमध्ये पडून राहिले, तर एकाच घाटाचे गेल्या काही पावसाळ्यांतील फोटो हुडकून काढणे जिकिरीचे होते. तेच फोटो नकाशावर ठिपक्यांच्या रूपाने आले, तर तलावाच्या त्या कोपऱ्यावर जाताच सगळे एकत्र सापडतात. यासाठी उत्तम सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. अडचण येते ती बहुधा त्याआधीच, कारण फोनमधून संगणकावर येईपर्यंत फोटोतील स्थानाची नोंद, म्हणजेच जिओटॅग, गळून गेलेली असते.

ही नोंद फोटोच्या फाइलमध्येच, 'एक्झिफ' नावाच्या माहितीत, अक्षांश, रेखांश आणि वेळ यांच्यासह साठवली जाते, आणि नकाशावर फोटो दाखवणारे कोणतेही सॉफ्टवेअर तीच वाचते. फोटोच्या खालच्या पट्टीवर पत्ता, आकडे आणि छोटा नकाशा छापणारी जी ॲप कामाचा पुरावा म्हणून सर्रास वापरली जातात, त्यांच्याबाबत इथे हमखास गैरसमज होतो. छापलेला मजकूर हा चित्राचाच भाग असतो. तो माणसाला वाचता येतो, परंतु नकाशाच्या सॉफ्टवेअरला त्याचा उपयोग नसतो. असा फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवला, तर पट्टी जशीच्या तशी राहते आणि आतली नोंद मात्र पुसली जाते. म्हणून फोटो गोळा करणाऱ्या प्रत्येकाला तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगावे, किंवा त्याहून चांगले म्हणजे केबल लावून मूळ फाइल संगणकावर उतरवून घ्यावी. अँड्रॉइड १० पासून ब्राउझरमधून अपलोड केलेल्या फोटोतूनही स्थान वगळले जाऊ शकते. आयफोनवरून पाठवताना शेअरच्या पडद्यावरील 'ऑप्शन्स'मध्ये 'लोकेशन' चालू आहे ना, हे पाहावे.

फाइल हाती आल्यावर आधी एखाद-दुसरी तपासून घ्यावी. विंडोजमध्ये फाइलवर उजवी क्लिक करून 'प्रॉपर्टीज' आणि त्यातील 'डीटेल्स' उघडले, की 'जीपीएस' या मथळ्याखाली अंश, मिनिटे आणि सेकंद दिसतात. ठाणे शहर साधारण १९.२ अंश उत्तर अक्षांश आणि ७२.९७ अंश पूर्व रेखांशावर आहे, आणि खाडीपलीकडे नवी मुंबईतून ७३ अंशांचा रेखांश जातो. त्यामुळे पहिला आकडा १९ आणि दुसरा ७२ किंवा ७३ दिसला, तर प्राथमिक खात्री पटते. अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जमिनीवर सुमारे ३१ मीटर. मोकळ्या आकाशाखाली चांगल्या फोनची चूक ५ मीटरच्या आसपास असते, पण घोडबंदर रस्त्यावरील उंच इमारतींच्या दाटीत ती बरीच वाढते, आणि खिशातून नुकत्याच काढलेल्या फोनने आधीच्या ठिकाणाचीच नोंद केलेली असू शकते. फोटो काढण्यापूर्वी नकाशाचे ॲप उघडून निळा ठिपका स्थिर होईपर्यंत थांबणे हा यावरचा सर्वांत सोपा उपाय आहे.

आता सॉफ्टवेअरकडे वळू. केवळ सहलीचे फोटो पाहायचे असतील, तर गूगल फोटोजमधील किंवा आयफोनच्या फोटोज ॲपमधील नकाशा पुरेसा आहे. तलावाच्या नोंदीसारख्या कामासाठी मात्र मी क्यूजीआयएस सुचवेन, कारण ते मुक्त स्रोत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते आणि फोटो कुठेही अपलोड न करता आपल्या संगणकावरच ठेवते. त्याची दीर्घ मुदतीची, म्हणजे 'लाँग टर्म', आवृत्ती घ्यावी. सुरू केल्यावर डावीकडील 'ब्राउझर' पट्टीत 'एक्सवायझेड टाइल्स'खालील ओपनस्ट्रीटमॅपवर दोनदा क्लिक केले, की पार्श्वभूमीचा नकाशा येतो. मग 'प्रोसेसिंग' मेनूतून 'टूलबॉक्स' उघडून 'इम्पोर्ट जिओटॅग्ड फोटोज' हे साधन शोधावे, फोटोंचे फोल्डर निवडावे, पोटफोल्डरही वाचायचे असतील तर 'स्कॅन रिकर्सिव्हली'वर खूण करावी आणि साधन चालवावे. त्याच खिडकीत 'इनव्हॅलिड फोटोज टेबल' नावाचा ऐच्छिक पर्याय असतो. तो अवश्य निवडावा, कारण ज्या फोटोंत स्थान सापडले नाही त्यांची यादी त्यातून मिळते आणि कोणाकडून मूळ फाइल पुन्हा मागवायची, हे लगेच कळते. साधनाच्या जुन्या आवृत्त्या जेपेग फाइलच वाचतात. आयफोन मात्र एरवी फोटो वेगळ्या प्रकारात साठवतो, त्यामुळे तो वापरणाऱ्यांनी कॅमेऱ्याच्या सेटिंगमधील 'फॉरमॅट्स'मध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडलेले बरे.

तयार झालेला लेयर, म्हणजे नकाशावरचा ठिपक्यांचा थर, तात्पुरता असतो आणि प्रोग्रॅम बंद करताच नाहीसा होतो. म्हणून तो लगेच जिओपॅकेज या फाइल-प्रकारात जतन करावा. या लेयरमध्ये फोटो नसतात, फोटोंचा संगणकावरील पत्ता असतो, त्यामुळे फोल्डरचे नाव किंवा जागा बदलली, की ठिपके राहतात पण फोटो उघडत नाहीत. प्रत्येक ठिपक्यामागे वेळ, उंची आणि दिशा यांचेही रकाने असतात. उंचीवर फारसे विसंबू नये. दिशा मात्र तलावाच्या कामात मोलाची ठरते, कारण कचराळीच्या एकाच कट्ट्यावरून काढलेला एक फोटो पाण्याकडचा आणि दुसरा रस्त्याकडचा असू शकतो. लेयरच्या चिन्हासाठी बाण निवडून त्याचे फिरणे 'डायरेक्शन' या रकान्याशी जोडले, तर कॅमेरा कोणीकडे वळलेला होता हे नकाशावरच दिसते. लोखंडी कठड्याला खेटून फोटो काढल्यास फोनचे होकायंत्र भरकटते, त्यामुळे दोन पावले मागे सरून काढावा.

एखादा ठिपका ठाणे सोडून भलतीकडेच गेला, तर घाबरून जाऊ नये. आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात ठिपका पडला, तर अक्षांश आणि रेखांश दोन्ही शून्य नोंदले गेलेले असतात. हाताने भरलेल्या तक्त्यात दोन्ही आकड्यांची अदलाबदल झाली, तर ठाण्यातील तलाव नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात दिसतो.

जीपीएस नसलेल्या कॅमेऱ्याने फोटो काढणाऱ्यांसाठी, विशेषतः ठाणे खाडीच्या काठी रोहित (फ्लेमिंगो) पक्षी टिपणाऱ्यांसाठी, डिजिकॅम हे दुसरे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर अधिक सोयीचे आहे. फिरताना फोनवरील ओएसमँडसारख्या ॲपमध्ये मार्ग नोंदवावा, त्याची जीपीएक्स फाइल डिजिकॅमच्या भौगोलिक स्थान संपादकात उघडावी आणि कॅमेऱ्याची वेळ मार्गाशी जुळवावी. जीपीएक्समधील वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार असते आणि भारतीय वेळ तिच्या ५ तास ३० मिनिटे पुढे आहे. हा फरक सांगायचा राहिला, तर एकही फोटो जुळत नाही किंवा सगळे चुकीच्या जागी पडतात. निघण्यापूर्वी फोनवरील घड्याळाचा सेकंदांसह एक फोटो कॅमेऱ्याने काढून ठेवला, तर कॅमेऱ्याच्या घड्याळातील फरकही नेमका भरता येतो.

नकाशा इतरांना देण्याआधी ठिपक्यांवरून एकदा नीट नजर फिरवावी. घरातून, सोसायटीच्या आवारातून किंवा मुलांच्या शाळेजवळून काढलेले फोटो त्यात राहून गेलेले असतात, आणि येऊरच्या जंगलातील घरट्यांची अचूक जागा उघड झाली तर पक्ष्यांच्या जिवावर बेतू शकते. असे ठिपके वगळून वेगळा लेयर करावा आणि तोच पुढे पाठवावा. सोबत फोटो द्यायचे असतील, तर त्यांतील स्थान प्रतींमधूनच काढून टाकावे. मूळ फाइलना हात लावू नये.