ब्लॅक चालवल्यावर जुनी ब्रांच कशी वाचवली

गिटमधल्या मेनवर (मुख्य ब्रांचवर) सगळ्या पायथन कोडला ब्लॅक (कोडचं फॉरमॅटिंग आपोआप एकसारखं करणारं टूल) लावला आणि मग माझी जुनी फीचर ब्रांच रिबेस करायला, म्हणजे तिचे कमिट नव्या मेनवर पुन्हा बसवायला गेलो तर कॉन्फ्लिक्टच कॉन्फ्लिक्ट (एकाच ओळीत दोन्हीकडे वेगळे बदल), सिंगल कोटचे डबल कोट झाले एवढ्यावरून अख्खी फंक्शनं लाल. हाताने सोडवत बसायचं नव्हतं म्हणून आधी फॉरमॅटिंगवाल्या कमिटच्या बरोब्बर आधीच्या कमिटवर ब्रांच रिबेस केली, इथे जे कॉन्फ्लिक्ट येतात ते खरे, ते सोडवायलाच लागतात. मग गिट फिल्टर-ब्रांच, म्हणजे ब्रांचचे कमिट एकेक करून पुन्हा लिहिणारी कमांड. ट्री-फिल्टरला ब्लॅक दिला की तो ब्रांचच्या प्रत्येक कमिटवर चालतो, आणि पॅरेंट-फिल्टरमध्ये सेडने (मजकूर शोधून बदलणारी कमांड) जुन्या पॅरेंटचा, म्हणजे आधीच्या कमिटचा, हॅश (कमिटची ओळख) काढून फॉरमॅटिंग कमिटचा टाकला. हे फार महत्त्वाचं आहे, नाहीतर पहिल्याच कमिटच्या डिफमध्ये सगळं फॉरमॅटिंग घुसतं. आता डिफमध्ये फक्त माझे बदल, एकदम स्वच्छ! ब्लॅकचं व्हर्जन आणि सेटिंग मात्र मेनवर वापरलं तेच हवं. हॅश बदलतात, त्यामुळे त्या ब्रांचवर अजून कोणी काम करत असेल तर आधी सांगा. मेनची हिस्ट्री मी नाही बदलली, तिथे ब्लेमसाठी (कुठली ओळ कोणी, कुठल्या कमिटमध्ये बदलली ते दाखवणारी कमांड) गिट 2.23 पासून आलेलं इग्नोर-रेव्ज-फाइल पुरतं, त्यात दिलेले कमिट ब्लेम वगळतो.