कौन्सिलच्या नोकरीत जाण्याआधी तीन कलमं वाचा

इंग्लंडमधल्या कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या, विशेष शिक्षण विभागात मुलांची प्रकरणं हाताळणारा केसवर्कर म्हणून रुजू होणार असाल, तर १९९६च्या शिक्षण कायद्यातली ४९६, ४९७ आणि ४९७ अ ही कलमं आधी वाचा. मी ती वाचली नव्हती. एका आईचं पत्र आलं तेव्हा मला काय लिहावं ते सुचेना.

निळ्या शाईतलं पत्र. डाव्या बाजूला एकाखाली एक तारखा. मुलाला शिकताना कोणती खास मदत द्यायची हे ठरवणारा शिक्षण आराखडा मागणीपासून २० आठवड्यांत हाती पडायला हवा होता. एकतिसावा आठवडा चालू होता. शेवटी लिहिलं होतं, ‘आता शिक्षणमंत्र्यांनाच कळवते.’

त्या रात्री मी कायदा उघडला. कौन्सिल अवाजवी वागत असेल तर ४९६, कर्तव्य पारच पाडलं नसेल तर ४९७. काम पुरेशा दर्जाचं होत नसेल तर ४९७ अ, म्हणजे मंत्री ते काम दुसऱ्याच्या हाती देऊ शकतात. लंडनमधल्या हॅकनीत २००२पासून दहा वर्षं शिक्षणाचा कारभार कौन्सिलऐवजी लर्निंग ट्रस्ट या वेगळ्या संस्थेकडे होता, तो याच वाटेने.

‘अवाजवी’ या शब्दाने मला चकवलं. मंत्र्यांना पटलं नाही की ते अवाजवी, असं मी धरून चालले होते. टेमसाइडचा १९७६चा खटला त्यासाठी वाचाच. नव्याने निवडून आलेल्या कौन्सिलने ग्रामर शाळा, म्हणजे निवड करून मुलं घेणाऱ्या शाळा, ठेवायचं ठरवलं, मंत्र्यांनी १९४४च्या जुन्या शिक्षण कायद्याच्या कलम ६८खाली उलट आदेश दिला, आणि हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये मंत्री हरले. कुठलंही समंजस कौन्सिल असं वागणार नाही, इतकी टोकाची गोष्ट असावी लागते.

त्या आईला मी फोन केला. मंत्र्यांना जरूर लिहा, पण तिथे वेळ लागेल, म्हटलं. उशिराबद्दल आधी आमच्याकडेच रीतसर तक्रार करा, मग कौन्सिलांविरुद्धच्या तक्रारी पाहणाऱ्या लोकपालाकडे जा. विशेष शिक्षणाच्या न्यायाधिकरणात दाद मागता येते ती कौन्सिलच्या निर्णयाविरुद्ध, आणि आम्ही तर निर्णयच दिला नव्हता. हे सांगताना जीभ जड झाली. तरी पगार कौन्सिलचा म्हणून पालकापासून हे रस्ते लपवणं मला साफ चुकीचं वाटतं.

चौतिसाव्या आठवड्यात आराखडा निघाला. तेव्हापासून नवी फाइल आली की पहिल्या पानावर मी लाल पेनने दोन तारखा लिहिते: सहावा आठवडा, मुलाची तपासणी करायची की नाही हे कळवायचा, आणि विसावा, आराखडा द्यायचा.