हॉस्टेल सोडून पुण्यात पहिला फ्लॅट भाड्यानं घेताना

तिघाचौघांनी मिळून फ्लॅट घ्यायचा ठरला, की आधी पैशाचा हिशेब मांडा, घरं नंतर बघा. महिन्याचं भाडं वाटून घेतलं की परवडतं; अडतं ते पहिल्या दिवशी. समजा टू बीएचकेचं भाडं २४,००० आणि डिपॉझिट ७५,००० आहे. ब्रोकरमार्फत घेतलंत तर बहुतेक ठिकाणी आणखी एक महिन्याचं भाडं दलाली म्हणून जातं. म्हणजे किल्ली हातात येईपर्यंत १,२३,००० गेले, चौघांत माणशी जवळपास ३१,०००. यात ॲग्रीमेंट, टेम्पो, गाद्या, गॅस काहीच धरलेलं नाही. माणशी ४०,००० हाताशी नसतील तर टोकन, म्हणजे घर आपल्यासाठी अडवून ठेवायची आगाऊ रक्कम, देण्याची घाई करू नका.

आणि घर प्रत्यक्ष बघितल्याशिवाय तर टोकन मुळीच देऊ नका. ऑनलाइन जाहिरातीत सुंदर फोटो, भाडं आजूबाजूच्यापेक्षा बरंच कमी, मालक ‘बदलीवर बाहेरगावी’ आणि घर दाखवण्याआधी ‘गेट पाससाठी’ पैसे, असा मामला दिसला की फोन ठेवा. पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही, हेही लक्षात असू द्या. समोरचा माणूस खरंच मालक आहे का, हे बघायला त्याच्या नावाची इंडेक्स टू (घराच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा) किंवा महापालिकेच्या मिळकत कराची पावती मागा. खरा मालक यात कमीपणा मानत नाही.

घर बघायला सकाळी जा

ब्रोकर संध्याकाळी घर दाखवतो, दिवे लावून. तुम्ही एकदा सकाळी सात-आठच्या सुमाराला जा. कॉर्पोरेशनचं पाणी दिवसातून किती वेळ येतं, बाकी वेळ बोअरचं की टँकरचं, आणि टँकरचे पैसे वेगळे द्यावे लागतात का, हे मालकाला न विचारता वॉचमनला विचारा. स्वयंपाकघरातला आणि बाथरूमचा नळ एकदम सोडून बघा. धार बारीक झाली तर सकाळच्या घाईत चौघांचे हाल होणार. फ्लश दोनदा ओढा. बाथरूमच्या जाळीतून वास येत असेल तर ट्रॅप, म्हणजे जाळीखालचा पाणी साठवून वास अडवणारा भाग, कोरडा पडलाय की लाइन तुंबलीय, हे बादलीभर पाणी ओतल्यावर कळतं: दहा मिनिटांत वास गेला तर पहिलं, पाणी साचून राहिलं तर दुसरं.

पावसाळ्यात घर शोधावं लागणं तसं कटकटीचं, पण ओल बघायला हाच काळ उत्तम. खिडक्यांच्या खालचे कोपरे, बाथरूमला लागून असलेली बेडरूमची भिंत आणि वरचा मजला असेल तर छत बघा. एकाच भिंतीवर ताजा रंग दिसला तर हात लावून बघा.

विजेची पॉइंटं मोजायला विसरू नका. मोठ्या प्लगचे, म्हणजे १६ अँपिअरचे, सॉकेट किती आणि कुठे आहेत? २,००० वॉटची इंडक्शन शेगडी जवळपास ९ अँपिअर ओढते. ती ६ अँपिअरच्या सॉकेटला कन्व्हर्टर लावून किंवा साध्या एक्स्टेन्शन बोर्डावर चालवली, की आधी प्लग गरम होतो आणि मग सॉकेट वितळतं. दुरुस्तीचे पैसे डिपॉझिटमधून कापले जातात, आणि तेव्हा भांडता येत नाही.

ॲग्रीमेंट

‘अकराच महिन्यांचं आहे, रजिस्टर कशाला, नोटरी करू’ हे वाक्य तुम्हाला ऐकू येईलच. महाराष्ट्रात ते लागू पडत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे घर ठरावीक मुदतीपुरतं वापरायला देण्याचा हा करार, लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मुदत कितीही असो. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची असते, न केल्यास शिक्षाही त्यालाच. तुमच्या दृष्टीनं याचा उपयोग साधा: बँकेत किंवा पासपोर्टसाठी पत्त्याचा पुरावा म्हणून हा कागद चालतो, आणि डिपॉझिटवरून वाद झाला तर दाखवायला हातात काहीतरी असतं.

खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, आणि ते एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज यांवर निघतं. वरच्या उदाहरणात अकरा महिन्यांचं भाडं २,६४,०००, व्याज ६,८७५. शुल्क सातशेच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. बाकी जे मागतात ती घरी येऊन अंगठे घेणाऱ्या एजंटाची फी. ती आधी विचारा आणि मालकाशी निम्मी-निम्मी ठरवा.

अंगठ्यावरच गाडी हमखास अडते. ऑनलाइन नोंदणीत आधारची बायोमेट्रिक तपासणी होते, आणि पंधराव्या वर्षी करायचा बायोमेट्रिक अपडेट अनेकांनी केलेलाच नसतो. लहानपणीचे ठसे जुळत नाहीत, मशीन ‘नाही’ म्हणतं आणि शिफ्टिंगची तारीख पुढे जाते. आधार केंद्रावर जाऊन हे काम निदान दोन-तीन आठवडे आधी उरका. अठरा पूर्ण नसलेल्याला करारात सही करता येत नाही. तिथे आई किंवा वडील लागतात.

करार वाचताना चार जागी थांबा. राहणाऱ्या सगळ्यांची नावं असावीत. एकाच्याच नावावर करार असेल तर उद्या बाकीच्यांनी भाडं थकवलं तरी तगादा त्याच्याच मागे. लॉक-इन, म्हणजे ज्याआधी घर सोडता येत नाही तो काळ, किती महिन्यांचा, ते बघा: सहा महिन्यांचा असेल आणि जानेवारीत कुणाला इंटर्नशिपला जायचं असेल, तर जुलैपासूनचा करार बसतो, सप्टेंबरपासूनचा नाही. सोडताना रंगकाम आणि साफसफाईचे पैसे कापणार असतील तर आकडा लिहून घ्या. ‘प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे’ असं मोघम ठेवू नका. आणि मेंटेनन्स भाड्यात धरलेला आहे का? सोसायटी भाडेकरू ठेवल्याबद्दल जे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावते, ते सभासदाला, म्हणजे मालकाला लागतात. ते तुमच्या माथी मारले जात नाहीत ना, ते बघा.

भाडेकरूंची माहिती पोलिसांना ऑनलाइन कळवणंही मालकाचंच काम. त्याची पोच मागून ठेवा. सोसायटीचे सेक्रेटरी पहिल्या आठवड्यात तीच मागतात, विशेषतः बॅचलर मुलं-मुली असतील तर.

किल्ली मिळाली त्या दिवशी

सामान आत घेण्याआधी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा: प्रत्येक भिंत, ओट्याच्या खालची बाजू, बेसिनमधल्या चिरा, गादीचे डाग, पंखे चालू करून, गीझर लावून. मीटरच्या रीडिंगचा फोटो घ्या. हे सगळं मालकाला त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर पाठवा. नुसतं स्वतःच्या फोनमध्ये ठेवून उपयोग नाही. महावितरणचा बारा अंकी ग्राहक क्रमांक घेऊन जुनी थकबाकी आहे का तेही बघा. मालकाला सांगून दाराच्या लॅचचा सिलिंडर बदला. आधीच्या भाडेकरूंनी किती किल्ल्या करून घेतल्या, ते कुणालाच माहीत नसतं.

दोन खोल्यांचं सामान ‘छोटा हत्ती’त एका खेपेत बसतं. टेम्पोवाल्याशी हमाली आणि लिफ्ट नसेल तर मजल्याचे पैसे आधीच बोला. सोसायटीत रविवारी किंवा ठरावीक वेळेनंतर सामान न्यायला बंदी असू शकते. टेबल-खुर्ची, पुस्तकांचा रॅक नवा घेऊ नका. बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, तिथे फिरा. गादी मात्र नवीच घ्या, ढेकूण फुकटात घरी आणू नका.

पाइप गॅस नसेल तर पत्त्याच्या पुराव्याशिवाय, नुसत्या ओळखपत्रावर मिळणारा ५ किलोचा सिलिंडर चौघांच्या चहा-मॅगीला पुरतो. रबरी नळी आयएसआय छापाचीच घ्या. जोडल्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा, काडी लावून नाही.

वीजबिलाचं गणित पहिल्या महिन्यात चुकतं, आणि ते गीझरमुळे. १५ लिटर पाणी आंघोळीपुरतं तापवायला साधारण अर्धा युनिट लागतं. चौघांचे महिन्याला ६० युनिट नुसत्या आंघोळीचे झाले. शंभर युनिटनंतर पुढच्या टप्प्याचा दर बराच चढा असतो, त्यामुळे गीझर चालू ठेवून कॉलेजला जाणारा एक जण सगळ्यांचं बिल वाढवतो. बिल कोण भरणार, कामवाल्या मावशींचे पैसे कोण देणार, ओला-सुका कचरा सकाळी कोण बाहेर ठेवणार, ही नावं पहिल्याच रात्री ठरवा.

मध्येच कुणी सोडून गेलं, तर त्याच्या वाट्याचं डिपॉझिट येणाऱ्यानं त्याला द्यायचं, हा रिवाज. पण नव्याचं नाव करारात येत नाही तोवर कागदावर जबाबदारी जुन्याचीच राहते. मालकाला लेखी कळवा आणि बदल नोंदवून घ्या.

घर सोडताना महिनाभर आधी व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर नोटीस द्या, पुन्हा तसाच व्हिडिओ, पुन्हा मीटरचा फोटो. शेवटचं वीजबिल यायचं असतं, त्या नावाखाली मालक सगळंच डिपॉझिट अडकवून ठेवू बघतो. शेवटच्या बिलावरचं रीडिंग आणि आजचं रीडिंग यांतला फरक काढून अंदाजे रक्कम दाखवा, तेवढीच मागे ठेवून बाकीचे पैसे किल्ली देतानाच ट्रान्स्फर करायला सांगा.