एनपीएम म्हणतं ४०४, पण पॅकेज तर आहे!

देवगडला घरून काम करतो. परवा पावसात लाइट आली-गेली, त्यात एनपीएमची (जावास्क्रिप्ट कोडची तयार पॅकेजं उतरवणारं साधन) इन्स्टॉल कमांड दिली की कंपनीच्या खाजगी पॅकेजवर ४०४, म्हणजे ‘सापडलं नाही’. मी नावातली चूक शोधत दीड तास घालवला. खरं तर ओळख पटली नाही की एनपीएमची रजिस्ट्री (पॅकेजं ठेवलेला सर्व्हर) खाजगी पॅकेज आहे हेच सांगत नाही, सरळ ४०४ देते. म्हणून ४०४ दिसला तरी आधी लॉगिन तपासा.

एनपीएम लॉगिन दोनदा केलं, फरक शून्य. मग होम फोल्डरमध्ये एनपीएम हूअॅमआय (कोण म्हणून लॉगिन आहे ते सांगणारी कमांड) चालवलं, माझं नाव आलं. तीच कमांड प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये दिली तर ४०१, म्हणजे ‘ओळख पटली नाही’! तिथेच उलगडा झाला. लॉगिन नवं टोकन (ओळख पटवणारी गुप्त किल्ली) होममधल्या .एनपीएमआरसी या सेटिंग्जच्या फाइलमध्ये लिहितं, पण प्रोजेक्टमध्ये त्याच नावाची फाइल असेल तर तिचं आधी ऐकलं जातं. आमच्या त्या फाइलमध्ये कुणीतरी टाकलेलं, मुदत संपलेलं टोकन होतं.

ती एक ओळ काढली, स्कोप (कंपनीच्या पॅकेजांच्या नावाआधीचा भाग) आणि रजिस्ट्रीची ओळ तशीच ठेवली. पाच मिनिटांत इन्स्टॉल पूर्ण.

ते टोकन गिटमध्येही (टीमच्या कोडच्या सामायिक नोंदीत) गेलं होतं, हे मला फार खटकलं. टीमला लगेच कळवलं. आता सर्व्हरसाठी टोकन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (फाइलबाहेर ठेवलेल्या सेटिंगमधून) देतो.