अनवाणी पळायचंय? मग निदान या चुका तरी टाळा

दिवाळी झाली, जरा थंडी पडली की आमच्या संभाजीनगरात दरवर्षी चार-दोन नवे अनवाणी पळणारे उगवतात. कुणी रील बघून आलेला असतो, कुणाचा गुडघा कुरकुरत असतो, कुणी महागाचे शूज वर्षात झिजले म्हणून वैतागलेला. रविवारी गोगाबाबा टेकडी करून खाली आलं की चहाच्या गाड्यावर सगळे आपापला आठवडा सांगतात, सोमवारी इतकं पळालो, बुधवारी विहिरीत पोहलो, शनिवारी सायकल काढली वगैरे. मी गपगुमान ऐकत असतो. पुढच्या महिन्यात कुणाचं काय दुखणार हे बऱ्याचदा त्या हिशोबातच असतं, फक्त सांगणाऱ्याला ते दिसत नसतं. तेच तेच सांगून तोंड दुखायलंय म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे शूजमधले किलोमीटर उचलून जसेच्या तसे उघड्या पायावर टाकणं. आणि ही चूक नवखा माणूस करत नाही बरं का. नवखा बिचारा दोन किलोमीटरमध्ये धापा टाकायला लागतो, म्हणून वाचतो. अडकतो तो ज्याच्या दोन-तीन हाफ मॅरेथॉन झाल्यात तो, कारण त्याचा दम तयार असतो आणि पाय तयार नसतात. पोटरीच्या स्नायूला सवय व्हायला काही आठवडे लागतात, टाचेमागच्या शिरेला, म्हणजे अकिलीसला, महिने लागतात, आणि हाडाचं तर अजूनच वेगळं असतं. हाडावर नवीन ताण आला की ते आधी जुना भाग पोखरून काढतं आणि मग नवीन भरतं, त्यामुळं मधले काही आठवडे ते पहिल्यापेक्षा नाजूक असतं. नेमकं तेव्हाच आपले रनर जोशात येऊन डिस्टन्स वाढवतात.

आमच्यात एक बँकेत नोकरीला असलेला गडी होता, हाफ दोन तासांच्या आत मारणारा. त्यानं नोव्हेंबरात शूज काढले आणि पहिल्याच दिवशी सलग आठ किलोमीटर पळून आला. "एकदम हलकं वाटलं हो सर!" वाटणारच, सगळ्यांनाच वाटतं. दुसऱ्या रविवारी त्याचा हिशोब असा की तीन दिवस अनवाणी रन, दोन दिवस दोरीच्या उड्या, शनिवारी ऑफिसच्या पोरांसोबत मैदानात खो-खो, आणि आज टेकडी. मी म्हणलं, अरे बाबा पायाला सुट्टी कधी दिली? तर म्हणतो, "सर, खो-खो तर मजा म्हणून खेळलो, त्याला काय वर्कआऊट म्हणायचं?"

तिसऱ्या आठवड्यात दुसऱ्या बोटाच्या मागं, पंजाच्या वरच्या बाजूला दुखायलं. एका बोटानं दाबून दाखवता येईल असं अगदी नेमक्या जागी. यानं बाम चोळला, गोळी खाल्ली आणि पळायला हजर. "गरम झालं की दुखायचं थांबतंय" हे वर आम्हालाच सांगायला लागला. मग एक्स-रे काढला, तो नॉर्मल. झालं, नॉर्मल म्हणजे याला परवानाच मिळाला, आणखी दोन लांब रन मारले. शेवटी एका सकाळी पाय टेकवेना. दुसऱ्यांदा एक्स-रे काढला तर हाडाला बारीक चीर आणि तिच्याभोवती नवीन हाड धरायला लागलेलं. दीड-दोन महिने पायात तो मोठा बूट, जानेवारीची रेस गेली, आणि आता हाच माणूस शूज घालून पळतो आणि भेटेल त्याला सांगतो की अनवाणी पळणं लई डेंजर. माझा राग ह्या शेवटच्या वाक्यावर आहे.

तर लक्षात ठेवा, अशा बारीक चिरा पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाहीत. एमआरआयमध्ये आधी दिसतात, पण दर वेळी एमआरआयला कोण पैसे घालणार. मी सरळ बोटावर विश्वास ठेवतो. हाडावर एका बोटाखाली मावेल असं दुखत असेल तर पळणं बंद, एक्स-रे काहीही म्हणू दे. पोटरी अख्खी ठणकत असेल तर ती वेगळी गोष्ट, ती दोन दिवसांत उतरते.

माझी पद्धत म्हणाल तर मी किलोमीटर मोजूच देत नाही, मिनिटं मोजायला लावतो. आधी महिनाभर नुसतं अनवाणी चाला, घरात, गच्चीवर, कॉलनीत. मग एक दिवसाआड दहा मिनिटं पळा, ती पण रनच्या सुरुवातीला, पाय ताजे असताना, आणि नंतर शूज घालून उरलेलं पूर्ण करा. आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. लोकांना हे ऐकून हसू येतं, "दहा मिनिटं? त्यात काय घाम येणार?" घामासाठी सायकल आहे ना, पोहणं आहे. आणि वहीत अनवाणीचा रकाना वेगळा ठेवा, त्यात खो-खो, कबड्डी, दोरीच्या उड्या, टेकडीचा चढ सगळं जाऊ द्या. पोटरीला मजा आणि वर्कआऊट यातला फरक कळत नाही.

याच्यावर आमच्याकडं एक ठरलेलं उत्तर येतं, "मी कोजागिरीला तुळजापूरला अनवाणी चालत गेलोय, मला काय होतंय!" गेला असाल, आई भवानीच्या कृपेनं कातडी पण घट्ट झाली असेल. पण चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो, पायावर वजनापेक्षा थोडाच जास्त भार येतो. पळताना तोच भार वजनाच्या दोन-अडीच पट होतो. कातडी तयार झाली म्हणजे आतली हाडं तयार झाली असं नसतं.

दुसरं ठरलेलं उत्तर म्हणजे बिकिला. हो, इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० ला रोमच्या ऑलिम्पिक मॅरेथॉनमध्ये अनवाणी पळाला, २ तास १५ मिनिटं १६ सेकंद, गोल्ड. पण तो आधीपासून अनवाणी सराव करत आलेला होता, आणि १९६४ ला टोकियोत त्यानंच शूज घालून २:१२:११ मारलं, ते कुणी सांगत नाही. आपल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे पण लहानपणी लांबच्या शाळेत पायी-पळत जायचा हे खरंय, म्हणून बर्मिंगहॅमच्या २०२२ च्या कॉमनवेल्थमधलं, तीन हजार मीटर स्टीपलचेसचं (अडथळ्यांच्या शर्यतीचं) ८:११.२० वालं सिल्व्हर काही त्यानं उघड्या पायानं आणलेलं नाही. लहानपणापासूनचे पाय आणि पस्तिशीत ऑफिसच्या बुटातून काढलेले पाय यांचा मेळ कुठून बसणार?

आता माझी दुसरी आवडती चूक, चवड्यावर पळणं. व्हिडिओत सांगितलेलं असतं की टाच टेकवायची नाही. मग ही माणसं मांजरीसारखी चवड्यावर पळत सुटतात, टाच हवेतच, आणि चौथ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला धरून एकेक पायरी. हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन यांचा पेपर २०१० साली 'नेचर'मध्ये आला, त्यात अनवाणी पळायची सवय असलेले लोक बऱ्याचदा चवड्यावर किंवा मधल्या पावलावर उतरतात आणि जमिनीचा धक्का कमी बसतो असं होतं. टाच टेकवूच नका असं त्यात नव्हतं. २०१३ ला केनियातल्या दासनाच लोकांवर अभ्यास झाला, तर जन्मापासून अनवाणी असलेली ही माणसं आरामात पळताना बहुतेक वेळा टाचेवरच उतरत होती, वेग वाढला तशी पुढं सरकत होती. म्हणजे पाय आपला आपण ठरवतो. तुम्ही जबरदस्तीनं टाच वर धरून ठेवली की अख्खा भार पोटरीवर आणि अकिलीसवर.

यावर मी करायला लावतो ते सोपं आहे. सिमेंटच्या रस्त्यावर उभं राहायचं आणि जागच्या जागी हलकं पळायचं. पुढचा भाग आधी लागतो, मग टाच अलगद टेकते, कुणी शिकवावं लागत नाही. तीच लय धरून हळूहळू पुढं झुका. पावलं छोटी आणि भरभर, मिनिटाला १७०-१८० च्या आसपास आली की बास. आणि आवाज ऐका. थपथप वाजायलंय म्हणजे तुम्ही पाय आपटायलात.

बाकीच्या चुका पटापट सांगतो.

गवतावर सुरुवात करणं. मऊ असतं म्हणून सगळे गवतात शिरतात आणि आपल्याकडं गवतात काय काय दडलेलं असतं ते पायालाच कळतं. फुटलेली बाटली, बाभळीची फांदी, आणि सराटा. सराटा पावसाळ्यात जमिनीला चिकटून पसरतो, पिवळी चिमुकली फुलं येतात तेव्हा छान दिसतो, दिवाळीनंतर वाळतो, म्हणजे बरोबर तुम्ही पळायला सुरुवात करता तेव्हा. त्याचं फळ वाळलं की पाच तुकडे होतात, प्रत्येक तुकड्याला दोन मोठे काटे आणि दोन बारके, कसाही पडला तरी एक काटा वर तोंड करून असतोच. म्हणून सुरुवात गुळगुळीत सिमेंट रोडवर करा, समोरचं सगळं दिसतं आणि कडक जमिनीवर पाय आपोआप हलका पडतो. मुरमाच्या रस्त्यावर जायची घाई नको, तिथं टेकडी करून आलेले लोकसुद्धा चाल बदलतात.

काटा मोडला तर सेफ्टी पिननं उकरत बसू नका. आमच्याकडं कुणी रुईचा चीक लावायला सांगतं, कुणी बिब्ब्याचा चटका. बिब्ब्यानं कातडीला फोड येतात, काटा राहतो बाजूला आणि तुम्ही फोड सांभाळत बसता. कोमट पाण्यात पाय ठेवा, चिमट्यानं काढा, निघाला नाही तर सरळ दवाखाना. वेड्या बाभळीचा काटा आत तुटला तर लई सुजतं, त्याची वाट बघू नका. धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीख पण लिहून ठेवा. दहा वर्षांनी घ्यायचंच असतं, आणि माती-शेणातली खोल जखम असेल आणि पाच वर्षं उलटलेली असतील तर तेव्हाच घ्यायला सांगतात.

शुगर असेल तर अनवाणी पळू नका. यात माझा काही वाद नाही आणि तुमचा पण नको. पायाची संवेदना कमी झालेली असते, खडा रुतलेला कळत नाही, जखम दोन दिवसांनी सॉक्सवर दिसते. "माझी कंट्रोलमध्ये आहे" म्हणणाऱ्यांनी आधी डॉक्टरांकडून पायाची तपासणी करून घ्यावी, बारीक दोरा टोचून बघतात ती, आणि तोपर्यंत चांगले शूज घालून पळावं.

उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४२ च्या वर जातो आणि भर उन्हात डांबर ६० च्या पुढं तापतं. संध्याकाळी सात वाजता पण ते गरमच असतं. हाताची उलटी बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेवून बघा, ठेवता आली नाही तर पाय पण नको. मी उन्हाळ्यात पहाटेच जातो, आणि उशीर झालाच तर रस्त्याच्या कडेची पांढरी पट्टी धरतो, ती डांबरापेक्षा कमी तापते. सिंथेटिक ट्रॅक पण उन्हात भाजतो आणि वर कातडी घासतो, तिथं पण सकाळचीच वेळ.

पातळ तळाचे शूज म्हणजे अनवाणीची पहिली पायरी, हा एक गैरसमज. तळव्याला टोचतं म्हणून माणूस वेळेत थांबतो, तो ब्रेकच पातळ रबरानं काढून टाकला की पोटरी आणि हाडं सुसाट. व्हिब्रम या कंपनीनं आपल्या पाच बोटांच्या शूजच्या फायद्यांबद्दल केलेल्या दाव्यांवरून अमेरिकेत केस झाली, २०१४ ला ३७.५ लाख डॉलरवर तडजोड झाली, तरी अजून लोक तेच दावे मला ऐकवतात. घालायचेच तर अनवाणी दहा मिनिटांची सवय झाल्यावर घाला.

पोलिस भरतीच्या पोरांनो, तुमच्यासाठी वेगळं. १६०० मीटरला ५० पैकी २० मार्क आहेत, आणि ग्राउंडला, म्हणजे मैदानी चाचणीला, महिना राहिला असताना कुणीतरी सांगतं शूज काढ, टायमिंग कमी होईल. दादा, ज्यात सराव केला त्यातच पळ. वर्षभर अनवाणीच पळत आला असशील तर तसंच जा, नसशील तर ग्राउंड झाल्यावर बघू.

पावसाळ्यात पहाटे अंधारात टॉर्चशिवाय जाऊ नका, घोणस आणि फुरसं काही हॉर्न ऐकून बाजूला होत नाहीत. उन्हाळ्यात काळ्या रानातून शॉर्टकट घेऊ नका, भेगेत पाय गेला की घोटा गेला. कानात इअरफोन नको, पायाचा आवाज ऐकायचाय. टाचेची जाड कातडी ब्लेडनं तासू नका, रात्री खोबरेल चोळा, भेगा पडणार नाहीत.

आणि रस्त्याचं काम चालू असताना ताजं डांबर तळव्याला चिकटलं तर रॉकेल-पेट्रोल लावत बसू नका, आग होते. तेलानं सुटतं. गोडतेल किंवा खोबरेल लावून दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं, जुन्या फडक्यानं पुसायचं, मग साबण. ते फडकं मात्र बायकोच्या नजरेला पडायच्या आधी फेकून द्या.